पगार वजा जाता

हातात घड्याळ घेऊन खिडकीत उभे राहायचे आणि रस्त्यावरून जाणारी माणसे किती वेगाने चालतात ते टिपायचे, असला उद्योग १९३१-३२ च्या सुमारास ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गिरणीच्या वस्तीत काही संशोधकांनी केला. व्हिएन्नापासून ही वस्ती फार लांब नाही. तिथली कापडगिरणी १८३० च्या सुमारास उभी राहिली, शंभर वर्षे तिने गावाचे पोट भरले, आणि १९२९-३० च्या मंदीत ती बंद पडली तेव्हा ४७८ कुटुंबांच्या त्या वस्तीतली चारांपैकी सुमारे तीन घरे बेकारभत्त्यावर आली. काम गेले म्हणजे माणसाचे नेमके काय जाते, हे मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल या तरुण संशोधकांना पाहायचे होते. खिडकीतून दिसले ते असे, की पुरुष रेंगाळत चालत होते, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते आणि दहांतला एखादाच न थांबता जायच्या ठिकाणी पोचत होता. बायका त्यांच्या दीडपट वेगाने चालत होत्या, कारण चूल, धुणे आणि पोरे गिरणीबरोबर बंद पडलेली नव्हती.

रिकामा वेळ हाती आला की कामगार वाचेल, सभांना जाईल, राजकारणात अधिक रस घेईल, अशी एक आशा त्या काळच्या समाजवादी चळवळीत होती आणि हे संशोधकही त्याच चळवळीत वाढलेले होते. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. वाचनालयाची वर्गणी माफ झालेली असूनही १९२९ ते १९३१ या काळात घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, सवलतीत मिळणारे वर्तमानपत्रही अनेकांनी बंद केले, मंडळांचे सभासद गळत गेले आणि ज्या बागेची गावाला एके काळी हौस होती तिच्यात रान माजले. दिवसभरात काय काय केले ते तासातासाने लिहून द्यायला सांगितले, तेव्हा पुरुषांना रकाने भरता येईनात. एकाने मुलांना शाळेसाठी उठवल्याची नोंद केली आणि नंतर दहा ते अकराच्या रकान्यात, तेवढ्यात दुपार होते, एवढेच लिहिले.

संख्याशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे या अभ्यासाशी माझी गाठ प्रथम पडली ती निरीक्षण आणि मोजमाप यांचा एक उत्तम नमुना म्हणून. परंतु माझे बालपण लालबागमधील एका चाळीत, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम करणाऱ्या माणसाच्या घरी गेलेले आहे आणि १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी पाचवीत होते. रस्त्यावर रेंगाळणाऱ्या त्या पुरुषांचे वर्णन वाचताना मला ऑस्ट्रिया दिसत नव्हता.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५० च्या दशकात ताडदेवला उभी राहिली आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सगळा मुलूख गिरणगाव झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला दिलेली मक्तेदारी मोडणे, अशा त्या मागण्या होत्या. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि तो विरेपर्यंत लाखाहून अधिक माणसांची नोकरी कायमची गेलेली होती. यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, राजकारणाच्या अंगाने आणि जमिनीच्या अंगाने विशेष. मला इथे बोलायचे आहे ते एका मर्यादित गोष्टीबद्दल. बेकारीने होणाऱ्या हानीतून पगाराचा आकडा वजा केला, तर खाली बाकी किती उरते?

संपाचे पहिले काही महिने चाळीत हलाखी होती, पण उदासी नव्हती, हे मी आजही खात्रीने सांगू शकते. पुरुष रोज खाली उतरत, नाक्यावरच्या फळ्यावरची बातमी वाचत, मोर्चाला जात. काही जण शेतीच्या कामाला गावी गेले. भजनी मंडळाला इतके टाळकरी पूर्वी कधी मिळाले नव्हते. घरोघरी चहात दूध कमी झाले होते, परंतु ते सगळ्यांच्याच घरी कमी झाले होते. अँड्र्यू क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने पुढे ब्रिटनमधील कुटुंबांच्या पाहणीवरून दाखवून दिले, की ज्या भागात बेकारी अधिक असते किंवा ज्या घरात जोडीदारही बेकार असतो, तिथे बेकार माणसाच्या मनाला बसणारा घाव तुलनेने कमी खोल असतो. आमच्या चाळीला हे अभ्यासाविनाच ठाऊक होते. शिवाय संपातला माणूस रिकामा असला तरी बेकार नसतो. त्याच्या दिवसाला कारण असते, त्याला कोणाची तरी वाट पाहायची असते, कोणाशी तरी लढायचे असते.

बिघडत गेले ते नंतर, काही जण कामावर रुजू झाल्यावर. ज्याला परत घेतले तो पहाटे जिना उतरू लागला आणि ज्याला घेतले नाही तो त्या पावलांचा आवाज अंथरुणात पडून ऐकू लागला. सगळ्यांची असलेली आपत्ती ज्याची त्याची झाली. माझे बाबा परत न घेतलेल्यांपैकी होते. पहिली पाळी सात ते साडेतीन अशी असायची, आणि नोकरी गेल्यावरही बरेच दिवस त्यांचे घड्याळ त्याच पाळीवर चालत राहिले. ते साडेपाचला उठत, आंघोळ करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि बाहेर पडत. कुठे जातात, हे आई विचारत नसे. साडेतीननंतर ते परतत. दरम्यानच्या काळात ते भोईवाड्यात एका ओळखीच्या माणसाच्या दुकानाबाहेर बसलेले असत, हे मला थोरल्या भावाकडून पुष्कळ पुढे कळले.

याहोदा यांनी नंतरच्या लेखनात या साऱ्याची जी मांडणी केली ती मला अजूनही सर्वांत पटणारी वाटते. नोकरीचा उघड हेतू पगार हा असतो, पण न मागता ती आणखी काही गोष्टी पदरात टाकते: दिवसाचे तुकडे पाडून देते, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध ठेवते, एकट्याच्या हेतूहून मोठ्या अशा कामात ओढून घेते, समाजात एक जागा देते आणि हातपाय हलते ठेवते. या गोष्टी कुणी करारात लिहीत नाही. नोकरी गेली की मात्र त्या एकाच दिवशी जातात आणि भत्ता कितीही दिला तरी त्यांतली एकही परत येत नाही. जुन्या बदली कामगाराचेच पाहा. काम मिळेलच याची खात्री नसताना तो पाळीच्या वेळेला कार्ड घेऊन गेटवर उभा राहत असे आणि कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत जात असे. पैशाच्या हिशेबाने तो अर्धा बेकारच होता, पण त्याला गेट होते. गेटवर त्याचे नाव पुकारले जात होते, आणि काम नाही मिळाले तरी त्याच्यासारख्याच आणखी चौघांबरोबर चहा पिऊन तो घरी जात होता.

समाजातली जागा जाते म्हणजे काय, ते आम्हांला मुंबईपेक्षा गावी अधिक कळले. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी गौरी-गणपतीला चाकरमानी येणार म्हणजे तो सगळ्यांसाठी काहीतरी घेऊन येणार, आरतीला पुढे उभा राहणार, चार पैसे सैल सोडणार, हा रिवाजच होता. महिन्याची मनिऑर्डर हा त्याच मानाचा हप्ता होता. मनिऑर्डर थांबल्यावर गावाहून कोणी एक अक्षर वावगे लिहिले नाही, उलट काकांनी तांदूळ पाठवले, आणि त्या तांदळांमुळेच बाबांनी त्या वर्षी गणपतीला जायचे टाळले. एस.टी.चे भाडे नाही, असे कारण आम्हांला सांगण्यात आले. भाडे उभे करता आले असते. लग्नकार्यांचेही तेच झाले. मांडवात भेटणारा प्रत्येक जण, सध्या कुठे असता, असे विचारतो, त्यात त्याच्या मनात काही नसते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होऊन बसते. आहेराचे पैसे नाहीत ही सबब सांगण्यासाठी सोयीची होती, त्यामुळे आमच्या घरातून लग्नांना आई एकटी जाऊ लागली.

शाळेत फीच्या सवलतीसाठी दरवर्षी एक अर्ज भरावा लागे आणि त्यात वडिलांचा व्यवसाय हा रकाना असे. आम्ही तिथे गिरणी कामगार असेच लिहीत राहिलो, दहावीपर्यंत. ते खोटे आहे असे आमच्या मनातही आले नाही, आणि वर्गशिक्षिकांनीही कधी खोडले नाही. वर्गात आमच्यासारखी पुष्कळ मुले होती.

आईचे काय झाले, ते मारिएनथालच्या खिडकीतून दिसणाऱ्या बायकांवरून ओळखता येईल. तिचे काम कमी होण्याचा प्रश्नच नव्हता, ते दुप्पट झाले. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या आणि १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांना संघटित करून बँकेची कर्जे मिळवून दिली होती. संपात त्यांची गिऱ्हाइके गावी निघून गेली आणि उधारी बुडाली, म्हणजे ज्या बायकांचे नाव कुठल्याही हजेरीपटावर नव्हते त्याही बेकार झाल्या. आईने मग दादरच्या बाजूला पोळ्यांची कामे धरली. ती थकत होती, चिडत होती, पण खचली नव्हती, आणि हा फरक मी फार जवळून पाहिला आहे. संध्याकाळी सहाला ती परत येई तेव्हा बोलायला तिच्याकडे काहीतरी असे: त्या घरची सून कशी आहे, बसमध्ये कोण भेटले, उद्या किती पोळ्या. बाबांकडे बोलायला काही नसे. बायको कमावते याचे त्यांना वाईट वाटत होते असे म्हणून हा विषय अनेकदा मिटवला जातो, पण मला तो तेवढ्यावर मिटतो असे वाटत नाही. तिच्याकडे दिवस होता आणि त्यांच्याकडे नव्हता, हे मला जास्त खरे वाटते.

आकड्यांचे म्हणणे काय आहे ते आता सांगते. एकूण आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहा या पट्टीवर सांगा, असा प्रश्न जर्मनीतील कुटुंबांच्या एका मोठ्या पाहणीत १९८४ पासून त्याच त्या माणसांना दरवर्षी विचारला जात आहे. त्याच त्या माणसांना विचारण्याला महत्त्व आहे, कारण एरवी शंका घेता येते की जे मुळात उदास असतात त्यांचीच नोकरी जात असेल. एकाच माणसाची आधीची आणि नंतरची उत्तरे शेजारी ठेवली की ही शंका बऱ्याच अंशी फिटते. विंकेलमान दांपत्याने १९९८ मध्ये या माहितीवरून दाखवले, की नोकरी गेल्याने समाधान जेवढे घटते त्यातला उत्पन्न बुडाल्यामुळे घटणारा वाटा लहान असतो आणि उरलेला, मोठा वाटा पैशाने समजावता येत नाही. त्याआधी १९९४ मध्ये क्लार्क आणि ऑस्वाल्ड यांनी ब्रिटनच्या पाहणीवरून असा निष्कर्ष काढला होता, की मनःस्वास्थ्यावर बेकारीचा होणारा परिणाम घटस्फोटाच्या परिणामाहूनही मोठा आहे.

माणसाला कशाचीही सवय होते असे आपण म्हणतो आणि बऱ्याच दुःखांच्या बाबतीत ते खरेही आहे. बेकारीच्या बाबतीत ते पुरते खरे नाही. रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याच जर्मन माहितीवरून मांडले, की नोकरी गेलेल्यांचे समाधान, पुन्हा नोकरी लागल्यावरही, सरासरीने पूर्वीच्या पातळीला पूर्णपणे पोचत नाही. सरासरी या शब्दाबद्दल मी विद्यार्थ्यांना नेहमी सावध करते, पोचणारेही असतात. तरीही हा निष्कर्ष वाचला तेव्हा मला बाबांची रजा आठवली. पुढे त्यांना मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली. पगार गिरणीतल्यापेक्षा कमी, पाळी रात्रीची आणि लोकलचा प्रवास लांबचा. ते सुधारले मात्र लगेच. आवाज चढला, दाढी रोज होऊ लागली, आणि पुढच्याच लग्नसराईत ते आईबरोबर मांडवात दिसले. परंतु त्या नोकरीत त्यांनी कधी रजा घेतली नाही. तापातही ते जात. आपण नसताना दुसरा कोणी उभा केला तर, ही धास्ती शेवटपर्यंत गेली नाही, आणि गणपतीला गावी जाणे सुरू झाले तेही दीड दिवसापुरतेच.

याच संशोधनात मला सर्वांत चमत्कारिक वाटलेली गोष्ट निवृत्तीबद्दलची आहे. दीर्घकाळ बेकार असलेला जर्मन माणूस निवृत्तीच्या वयाला पोचून कागदोपत्री निवृत्त झाला की त्याचे समाधान लक्षणीय वाढते, असे हेट्श्को, क्नाबे आणि शोब यांना २०१४ च्या अभ्यासात आढळले. नोकरीत असलेला माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याचे समाधान जवळपास तेवढेच राहते. बेकाराच्या दिनक्रमात त्या तारखेला काही बदललेले नसते. काल रिकामा होता, आजही रिकामा आहे. बदलते ते इतकेच की आता त्याने काम करावे अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका हे जर्मन संशोधनाच्या कितीतरी आधी जाणून होते. पन्नाशीही ओलांडलेली नसताना त्यांनी एके दिवशी, आपण रिटायर झालो, असे सांगायला सुरुवात केली. सकाळी देवळात जायचे, दुपारी झोपायचे, संध्याकाळी मुलांना कॅरम शिकवायचा, सगळे निवृत्तासारखे. चाळीने ते विनातक्रार मान्य केले. चाळीचा हा मोठेपणा मला आज फार वाटतो.

आणखी एक गुंतागुंत सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर चित्र एकरंगी होईल. जर्मनीतच बेकार आणि नोकरदार अशा दोन्ही गटांना कालचा दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला सांगून, त्या त्या वेळी कसे वाटत होते ते विचारले गेले. एकूण आयुष्याबद्दल बेकार फार असमाधानी निघाले, मात्र दिवसभराच्या सुखदुःखाची बेरीज केली तर दोन्ही गटांत म्हणावा तसा फरक निघाला नाही. कारण काम करणे हे बहुतेकांना क्षणाक्षणाला सुखाचे वाटतच नाही, आणि बेकाराला ते तास टीव्ही, गप्पा, फिरणे यांत घालवता येतात. म्हणजे काकांचा कॅरम खोटा नव्हता. नाक्यावर पत्ते खेळणाऱ्या बेकार माणसांना हसताना पाहून, यांना कामच नको आहे, असे म्हणणाऱ्या लोकांची नजर बरोबर असते पण निदान चुकते. तो माणूस त्या क्षणी खरेच मजेत असतो. त्याला आयुष्याबद्दल विचारा, मग तो काय सांगतो ते ऐका.

आपल्या देशात हे मोजण्याची पद्धत वेगळ्याच जागी अडते. श्रमबलाच्या सरकारी पाहणीत चालू साप्ताहिक स्थितीच्या निकषानुसार आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही त्या आठवड्यापुरता रोजगारात धरला जातो, आणि वर्षभराचा विचार करणाऱ्या नेहमीच्या स्थितीच्या निकषाने २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरील लोकांतला बेकारीचा दर ३.२ टक्के निघाला. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही, तो काहीतरी करतोच, त्यामुळे हा दर कमी दिसणे स्वाभाविक आहे. शिकलेल्या तरुणांत तो कितीतरी अधिक आहे. परंतु माझे लक्ष जाते ते या दराच्या छेदाकडे, म्हणजे श्रमबलाकडे: जे काम करतात किंवा काम शोधतात तेवढेच त्यात धरले जातात. जो विद्यार्थी म्हणून नोंदला जातो तो श्रमबलात नाही, जो निवृत्त म्हणून नोंदला जातो तोही नाही, आणि म्हणून हे दोघेही बेकार ठरत नाहीत. बेकारीतून बाहेर पडण्याचे जे दोन सन्मान्य दरवाजे माणसांनी शोधले तेच नेमके आकडेवारीलाही मंजूर आहेत.

यांपैकी पहिल्या दरवाजाशी आज पुण्यात केवढी गर्दी आहे, ते सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत सकाळी सातला फिरून पाहावे. अभ्यासिकांची दारे उघडतात, पाठीवर सॅक घेतलेली मुले-मुली आपापल्या ठरलेल्या खुर्चीवर जाऊन बसतात, दुपारी मेसमध्ये जेवतात, पुन्हा बसतात आणि रात्री अमृततुल्यासमोर उभी राहून पूर्वपरीक्षेच्या कटऑफची चर्चा करतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची वयोमर्यादा खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. जागा थोड्या, अर्ज लाखांनी, त्यामुळे बहुतेकांची निवड होणार नाही हे गणित तिथल्या प्रत्येकाला येते. मग ती जात का नाहीत, असे विचारणाऱ्यांना मी याहोदांची यादी दाखवीन. अभ्यासिका दिवसाचे तुकडे पाडून देते, सोबत देते, मोठा हेतू देते आणि, घरी परतून शेतात उभे राहिल्यावर जी मिळणार नाही ती, समाजातली एक जागा देते. सोयरिकीच्या बैठकीत, मुलगा काय करतो, या प्रश्नाला, तयारी करतो, हे उत्तर चालते, निदान काही वर्षे चालते. महिना हजार-दोन हजारांची अभ्यासिकेची खुर्ची ही एका अर्थी बदली कामगाराचे गेट आहे. फरक इतकाच, की गेटवर कधीतरी नाव पुकारले जाई आणि चहाबरोबर दिवसाची मजुरीही हाती पडे. इथे पैसे आपणच भरायचे असतात, किंवा बापाने जमीन गहाण ठेवून भरायचे असतात. वयोमर्यादा वाढवली की मुले खूश होतात आणि सरकारलाही काही खर्च येत नाही. मला हा सौदा क्रूर वाटतो.

मग करायचे काय, या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी शोधले होते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात ज्या प्रयोगाला चालना दिली त्यातून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७२ च्या दुष्काळात ती विस्तारली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि खेड्यात मागेल त्याला काम द्यायचे, असा तो व्यवहार होता. पुढे २००५ च्या देशव्यापी कायद्याने हेच तत्त्व उचलले. दान नको, काम द्या, ही त्यामागची भूमिका पुष्कळांना तेव्हा नैतिक आग्रह वाटली असेल. तिला पुरावा अलीकडे मिळाला आहे. बांगलादेशातील कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत संशोधकांनी ७४५ जणांचे गट पाडले. एका गटाला आठवड्याला रोख रक्कम दिली, एका गटाला तेवढ्याच मोबदल्याचे साधे काम दिले, आणि तिसऱ्या गटाला यांपैकी काहीच दिले नाही. काम मिळालेल्यांचे मनःस्वास्थ्य ठळकपणे सुधारले, नुसती रक्कम मिळालेल्यांचे तसे सुधारले नाही. शेवटी काम करणाऱ्यांना, आणखी एक आठवडा बिनपगारी काम कराल का, असे विचारले तर सुमारे दोन तृतीयांश लोक तयार झाले. ही माणसे देश, घर, शेत सगळे गमावून ताडपत्रीखाली राहत होती, हे विसरू नये.

आणि मारिएनथालमध्येही पुन्हा एक अभ्यास झाला. ती वस्ती ज्या ग्रामाटनॉयझीडल गावात मोडते तिथे ऑक्टोबर २०२० पासून सुमारे साडेतीन वर्षे दीर्घकालीन बेकार असलेल्या प्रत्येकाला, इच्छा असल्यास, पगारी कामाची हमी देण्यात आली. सुतारकाम, बागकाम, जुन्या वास्तूंची डागडुजी अशी कामे होती, आणि सक्ती नव्हती. मॅक्सिमिलियन कासी आणि लुकास लेनर यांनी केलेल्या मूल्यमापनात उत्पन्न वाढल्याचे दिसले, ते अपेक्षितच होते. पण त्याबरोबर दिवसाची घडी, लोकांत मिसळणे, आपण उपयोगी आहोत ही भावना, या याहोदांच्या यादीतल्या गोष्टीही परत आल्याचे दिसले. शरीरप्रकृतीत मात्र मोजता येईल असा फरक पडला नाही, आणि असे साधे, न फुगवलेले निष्कर्ष वाचले की माझा त्या अभ्यासावरचा विश्वास वाढतो.

आपल्या रोजगार हमीचा इतिहास सोज्ज्वळ नाही. हजेरीपटावर खोटी नावे आली, मजुरी थकली, खडी फोडण्याचे काम घनफुटावर मोजून माणसाला पिळून घेतले गेले, आणि शहरातल्या बेकाराला तर ती कधी लागूच नव्हती. राजस्थानने सप्टेंबर २०२२ मध्ये शहरांसाठी अशी योजना सुरू केली, केरळने त्याही आधी. ज्या राज्यात ही कल्पना जन्मली त्या राज्यातल्या शहरांना अजून ती मिळालेली नाही. हा विषय काढला की, ऑस्ट्रियाचे ते एवढेसे गाव, आपल्याकडे माणसे किती, हे जमणार कसे, असे उत्तर मिळते. मी आकड्यांची बाई आहे, तेव्हा आकड्यानेच उत्तर देते: मे १९७३ मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, महाराष्ट्रातल्या सरकारी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, आणि त्यांची हजेरी, मोजमाप व मजुरी हा सगळा कारभार तलाठी, ओव्हरसिअर आणि कारकून यांनी हाताने लिहिलेल्या कागदांवर चालवला होता.